पेडलखालचा बोल्ट

काकींचा, म्हणजे दाजी मेस्त्रींच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी नागपुरात एका शाळेच्या फाटकाबाहेर गाडी लावून पोरं सुटायची वाट बघत होते. फोंडाघाटहून भरदुपारी कधी फोन येत नाही, त्यामुळे नाव बघून लगेच उचलला. "गेले गो ते," एवढंच काकी म्हणाल्या. मग, "छातीत कळ इली... आपल्याच गाडयेत घातले, कणकवलेक नेले. पण उपयोग नाय झालो." मी काहीबाही बोलले, फोन ठेवला, आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात आला तो त्यांच्या गाडीतला बोल्ट. तो नसता तर गाडी लवकर पोचली असती का? दाजी मेस्त्री वाचले असते का? या गोष्टीला आता महिना होऊन गेला, पण त्या प्रश्नाने माझी पाठ बरेच दिवस सोडली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

कोल्हापूरकडून घाट उतरून आलं की फोंडाघाटात डाव्या हाताला दाजी मेस्त्रींचं गॅरेज. तापलेल्या ब्रेकचा वास घेऊन गाड्या खाली येत आणि बऱ्याचशा त्यांच्या दारात थांबत. मी मूळची मालवणजवळच्या वाडीतली, सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन फोंडाघाटला आले. नवरा आचारी, त्याचं काम कधी असे कधी नसे, म्हणून मी गाडी शिकायचं ठरवलं तेव्हा घरात हसले सगळे. मेस्त्री हसले नाहीत. लायसनच्या परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा विचारतात, आणि मला परीक्षा म्हटलं की घाम फुटतो. त्यांनी गॅरेजच्या शटरवर खडूने सगळ्या खुणा काढल्या आणि आठवडाभर पुसू दिल्या नाहीत. येणारं गिऱ्हाईक विचारी, "मेस्त्र्यानू, ह्यां काय? शाळा काढलास?" ते म्हणत, "व्हय. तुका बसाचा आसा तर बस, तुकाय गरज आसा." मी पहिल्या फेरीत पास झाले. आज मी चार पैसे मिळवते, ते त्या शटरमुळे.

मग मी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. आमच्याकडे नवी गाडी आली की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं बोलायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. मेस्त्री गाडीपुढे उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही बाय आज गाडी घेवन रस्त्यार येता आसा. तिच्या गाडयेक चढणीर ताकद दी, उतरणीर ब्रेक दी, आणि साठाच्या फुडे जावची बुद्धी कोणाकच दिव नको रे म्हाराजा!" जमलेली माणसं सवयीने ओरडली, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडले. नारळ फुटला, आणि प्रसाद वाटून व्हायच्या आत मेस्त्री गाडीत शिरून पेडलखाली बोल्ट बसवत होते. देवासमोर कबूल केलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार! पेडल दाबत गेलं की त्या बोल्टवर टेकायचं आणि गाडी साठाच्या वर जायची नाही. जुन्या डिझेल इंजिनात यामुळे चढाची ताकद कमी होत नाही, फक्त पळणं थांबतं, असं ते प्रत्येकाला समजावून सांगत. जो ऐकेल त्याला बोल्ट फुकट.

ऐकणारे थोडेच. उलट, नव्या टेम्पोंना कायद्याने वेगाचं कुलूप बसवून येतं ते काढून द्या म्हणून माणसं येत. मेस्त्री त्यांना परत पाठवत. "कारखान्यात दीडशेची गाडी करतत, मगे तिका ऐंशीचा कुलूप लावतत, आणि मगे तुमी माझ्याकडे चावयेक येतास. हो खटाटोप कित्याक? आधीच ऐंशीची करा नी!" एकदा एक टेम्पोवाला चिडून म्हणाला, "मेस्त्री, मग तुमच्या गाडीला बैलच जुंपा." मेस्त्री शांतपणे म्हणाले, "बैल बरो. तेका वळण दिसता."

मला वाटायचं, घाटाखाली राहून यांनी बरंच काही पाहिलं असणार, म्हणून हा हट्ट. एकदा विचारलं. तर म्हणाले, तसं काही नाही. एका गिऱ्हाईकाची नवी गाडी तपासायला म्हणून ओरोसच्या हायवेला नेली होती, रस्ता मोकळा होता, काटा एकशेचाळीसला गेला. "माका बरा वाटला गो," ते म्हणाले. "गाडी हलाक नाय, आवाज नाय... माका आवडला. म्हणानच भियालंय."

मी मुळात भित्री, त्यामुळे मला दुसरीच भीती. "मेस्त्र्यानू, एखाद्या दिवशी कोणाचो जीव वाचवूक धावाचा लागला तर?" त्यांनी हात पुसले. "तो एक दिवस मी मानतंय," ते म्हणाले. "पण गाडी रोज चलता गो बाये." मग सीटखालून एक पाना काढून मला दाखवला, तेरा नंबरचा. "म्हणान मी वेल्डिंग करूक नाय. तो दिवस इलो तर गाडी थांबव, खाली उतर, पानो लाव, बोल्ट काढ. पायान ठरवचा नाय, हातान ठरवचा."

पुढे नवऱ्याला नागपुरात मालवणी खानावळीत कायमचं काम मिळालं. आम्ही निघालो तेव्हा मी सांगितलं की तिकडे गाडीवर शाळेची पोरं नेणार आहे. ते लगेच पान्यासकट आत शिरले. "पोरां? मगे आणखी दोन आटे." बोल्ट दोन फेरे वर आला आणि गाडी साठाऐवजी पन्नासावर अडायला लागली. ती आमची शेवटची भेट.

काकींचा फोन आला त्या दुपारी मी पोरांना घरी सोडलं आणि गल्लीत गाडी उभी करून बोल्ट काढला. उद्या यातलं एखादं पोर आजारी पडलं तर? मी पन्नासने नेत बसू? इथले रस्ते सपाट, सरळ, वळण शोधावं लागतं. पहिले दोन दिवस मी जपून चालवली. तिसऱ्या दिवशी विसरले. पंधराव्या की सोळाव्या दिवशी बाहेरच्या मोठ्या रस्त्याने येत होते, पोरं गाणी म्हणत होती, वारा येत होता, आणि मला किती दिवसांनी जरा हलकं वाटत होतं. सहज काट्याकडे पाहिलं तर पंचाऐंशी. मागून एक पोरगी म्हणाली, "आज मज्जा आली ना ताई!" आली होती. मलाही आली होती... मी पाय काढला आणि गाडी कडेला घेतली. पोरांना म्हटलं, काही नाही, पाणी पिते.

संध्याकाळी काकींना फोन लावला आणि इतके दिवस गिळलेलं विचारून टाकलं. "काकी, त्या दिवशी गाडयेत बोल्ट होतो?"

"होतो तर," काकी म्हणाल्या. शेजारचा बाबल गाडी चालवत होता. गावाबाहेर पडल्यावर त्याने विचारलं, मेस्त्र्यानू, बोल्ट काढू? मेस्त्रींना बोलवत नव्हतं. तरी म्हणाले, "तेराचो. सीटखाली." सांगताना काकी रडता रडता हसल्या. "जीव जाताहा, आणि हेंका पान्याचो नंबर!" बाबलने गाडी थांबवून बोल्ट काढला. दोन मिनिटं गेली. काढलेला बोल्ट मेस्त्रींनी हात पुढे करून मागून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"मगे? जोरात गेल्यात?"

"खंयची जोरात! सगळी वळणां. बाबलो म्हणता, काटो पासष्टार काय तो एकदा गेलो." मग म्हणाल्या, "छातीत आदल्या दिवसापासून दुखा होता गो. सांगूक नाय माका. तां सांगल्यानी असता तर..." नंतर म्हणाल्या की दवाखान्यातून कपडे मिळाले त्यात खिशात तो बोल्ट होता, आणि कार्य आटोपल्यावर बाबलने तो जागच्या जागी परत लावला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं गाडीत बसली तरी मी खालीच होते, तेराचा पाना घेऊन पेडलपाशी वाकलेली. बोल्ट बसवला, त्यांचे दोन आटे आठवून दिले. ताई काय करतेस, म्हणून पोरांनी विचारलं. मी म्हटलं, मी बोलून झालं की सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग मेस्त्रींचं गाऱ्हाणं जसं आठवलं तसं म्हटलं, साठाच्या जागी पन्नास घालून. पोरांना अर्थ कळला नाही, पण ओरडली अशी की रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले.

गाडी सुरू केली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर माझा पाय हळूहळू खाली गेला, आणि जिथे टेकायचा तिथे टेकला.