कुवेतमध्ये छापलेलं शिपायांचं पुस्तक

डॉक्टरांनी ते पुस्तक पहिल्यांदा आमच्या घरी आणलं तेव्हा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत पोलीस शिपायांसाठी मराठीत छापलेलं, कोटाच्या खिशात मावेल एवढं. डॉक्टरांचे पणजोबा मुंबईत जमादार होते, त्यांच्यापासून ते घरात चालत आलेलं. पानं इतकी ठिसूळ झाली होती की उलटताना कोपरे हातात यायचे.

नव्वद सालचा उन्हाळा तेव्हा नुकता लागत होता. आम्ही कुवेतमध्ये अब्बासियात तळमजल्यावर राहायचो. मी एका सरकारी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते, नवरा शुवैखमधल्या एका छापखान्यात सुपरवायझर. डॉक्टर माझ्याच इस्पितळात हाडांचे डॉक्टर. मूळ पुण्याचे, पन्नाशी उलटलेले. बायको पुण्यात, हे रुमैथियात एकटे. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि आमटी भुरकून झाली की ताटातच हात धुवायचे.

त्या शुक्रवारी ते वेल्डरविषयी बोलायला आले होते. वेल्डर म्हणजे आमच्या वॉर्डातला सावंतवाडीकडचा तरुण. शुऐबाच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. परांचीवरून खाली पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. ज्या ठेकेदारानं आणलं होतं तो काम संपताच गाशा गुंडाळून निघून गेला, आणि हा कित्येक महिने आमच्याकडेच पडून राहिला. त्याला घरी पाठवायचं तर विमानात आडवं न्यायला हवं, म्हणजे खुर्च्यांच्या ओळीच्या ओळीचं तिकीट काढायचं, शिवाय बरोबर नर्स. एवढे पैसे कुणाकडे नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "वर्गणी मागून मागून लोक कंटाळलेत. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं. हे आपण पुन्हा छापू या. गणपतीत विकू."

नवऱ्यानं पुस्तक हातात घेऊन खालीवर पाहिलं. "पोलिसांचं पुस्तक? डॉक्टर, हे कोण विकत घेणार?"

"वाचून तर बघ."

मग जेवणं झाल्यावर तो मोठ्यानं वाचायला लागला आणि आम्ही हसायला लागलो. उधळलेला घोडा कसा धरावा, चुकलेलं मूल सापडलं तर त्याला आधी काय विचारावं, दारू प्यालेला माणूस आणि झीट आलेला माणूस यांतला फरक कसा ओळखावा, सगळं करावे-धरावेच्या भाषेत, गंभीरपणे. बेवारस प्रेताचं काय करायचं तेही होतं. लिहिणाऱ्याची खात्री होती की रस्त्यात काहीही घडो, एक शिपाई तिथे पोहोचेल आणि त्याला काय करायचं ते ठाऊक असेल. डॉक्टर हसता हसता थांबून म्हणाले, "पणजोबांना हे पाठ होतं म्हणे."

कुवेतमध्ये छपाईला मराठी अक्षरांचे खिळे कुठून आणणार? नवऱ्यानं एकेका पानाचा फोटो काढून ऑफसेटच्या प्लेटा केल्या. प्रस्तावना मी हातानं लिहिली, काळ्या शाईनं, आणि माझं अक्षर तसंच्या तसं छापलं. परवानगी लागायची. ती छापखान्याच्या मालकानं मिळवून दिली. मालक कुवेती, मोठ्या आवाजाचा, मनानं उदार. कागद त्यानं स्वतःच्या खर्चानं घातला. नवऱ्याला म्हणाला, "तुमचा आजारी माणूस आहे ना, मग मला हिशेब दाखवू नकोस." मुखपृष्ठावर एक चित्र होतं, गोल पगडी आणि हातात दांडका घेतलेला शिपाई. मालकाचा धाकटा भाऊ पोलिसात होता. ते चित्र पाहून तो म्हणे खूप हसला.

छापलेले काही फर्मे, म्हणजे न बांधलेले सुटे कागद, मी वॉर्डात नेले. वेल्डर सातवी शिकलेला. उताणं पडून, फर्मा डोक्यावर धरून तो वाचायचा आणि शेजारच्या खाटेवरच्या बांगलादेशी माणसाला हिंदीत समजावून सांगायचा. मी त्याचे पाय हलवत असायची. पायांत जीव नव्हता, पण सांधे आखडू नयेत म्हणून ते रोज करावंच लागे.

"वयनी," तो म्हणाला, "माका घोडो धरूचो आसा आता."

"आधी बसायला शीक," मी म्हटलं.

जुलैत सगळी छपाई झाली. फक्त बांधणी राहिली, कारण बाइंडर सुट्टीवर केरळात गेला होता. तो आला की बांधू, गणपतीला वेळ आहे, असं ठरलं. आमची मुलगीही सुट्टीत सांगलीला आजीआजोबांकडे होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी इराकी रणगाडे शहरात होते. काय झालं हे समजेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. रेडिओ बंद, फोन कधी लागे कधी नाही, सांगलीचा तर लागेचना. रस्त्यावर एकही पोलीस दिसत नव्हता. कुवेती पोलिसांनी गणवेश काढून टाकले होते, कारण त्यांना शोधून शोधून धरून नेत होते. मी इस्पितळात जात राहिले. इस्पितळाची बस बंद झाली आणि आमची गाडी मला चालवता येत नव्हती, म्हणून डॉक्टर त्यांच्या गाडीतून मला न्यायचे. चौक्यांवर गाडी थांबली की दोघंही समोर बघत राहायचो.

नवऱ्याला छापखान्यापर्यंत पोहोचायला बरेच दिवस लागले. तो परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला धुराचा वास होता. मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"फर्मे जाळले."

"कुणी?"

"मालकानं सुरुवात केली होती. मग मीही टाकले."

सैनिक छापखाने तपासत होते. कुणी लपूनछपून पत्रकं छापतंय का, हे बघत. मालकानं भावाला कुठेतरी दडवलं होतं आणि त्याच्या गोदामात ढिगानं पडला होता एकच चेहरा, पोलिसाचा. त्यानं मागच्या अंगणात एक पिंप पेटवलं होतं. नवरा त्याला म्हणाला, हे जुनं आहे, हिंदुस्तानातलं आहे, यात काही नाही. त्यावर मालक ओरडला, "मी त्यांना काय सांगू? हे हिंदी पोलीस आहेत, केव्हाच मेलेत, म्हणून सांगू? ते ऐकून घेतील?" आणि मग तो रडायला लागला. इतका मोठा माणूस रडतोय हे बघून नवऱ्यानं पुढचा गठ्ठा उचलला.

"आणि डॉक्टरांची मूळ प्रत?"

"प्लेटांबरोबर ठेवलेली होती. मी जायच्या आधीच गेली."

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं. त्यांनी काच थोडी खाली केली, पुन्हा वर केली. मग म्हणाले, "वेल्डरचा ताप उतरला का काल?"

त्याच आठवड्यात इराकी लष्करी डॉक्टरांनी आमचा वॉर्ड मागितला. चालू शकणाऱ्यांनी घरी जायचं, न चालणाऱ्यांनीही जायचं. कुठे, ते कुणी विचारलं नाही. आमच्या डॉक्टरांनी हुज्जत घातली. एका तरुण अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बघून संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. वेल्डरला आम्ही घरी आणलं. आमचं घर तळमजल्यावर, एवढीच आमची लायकी.

तो हॉलमध्ये गादीवर असायचा. दर थोड्या वेळानं त्याला कुशीवर वळवायचं, पाठ कोरडी ठेवायची. पावडर संपली, मग कापूस संपला, मग साबणही जपून वापरायला लागलो. पाठीच्या खाली, माकडहाडावर, लाल डाग आला. मी आयुष्यभर असे डाग येऊ नयेत म्हणून लोकांना शिकवत आले आहे. आता तो माझ्या डोळ्यांसमोर मोठा होत होता आणि माझ्या हातात काही नव्हतं. डॉक्टर इस्पितळातून खिशात घालून गॉज आणायचे. एक दिवस चौकीवर तोही काढून घेतला.

अब्बासियातली घरं रिकामी होऊ लागली. बसनं बसरा, तिथून बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, आणि अम्मानहून आपल्या सरकारचं विमान. शेजारीपाजारी असेच गेले. नवरा रोज म्हणायचा, पुढच्या बसनं. मी म्हणायची, आणि ह्याचं काय?

वेल्डर ऐकत असायचा. एकदा म्हणाला, "तुमी जावा, वयनी. माका हयच ठेवा. मी खय पळान जातलंय?"

डॉक्टरांनी निर्णय घेतला. "घेऊन जा. इथे राहिला तर नक्की मरेल. वाटेत कदाचित नाही मरणार."

"आणि तुम्ही?"

"मी गेलो तर तिथे हाडं बसवायला कोण राहतंय?"

नवऱ्यानं बसवाल्याला आमची गाडी देऊन टाकली आणि त्याबदल्यात मागचं अख्खं बाक घेतलं. वेल्डरला त्यावर आडवा घातला, सगळ्या उशा त्याच्या खाली. डॉक्टर निरोप द्यायला आले होते. त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवला, नाडी बघतात तसा मनगटावर ठेवला, आणि खाली उतरले. बस वळली तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यांना बाजूला व्हा म्हणायलाही तिथे कुणी नव्हतं.

त्या प्रवासाबद्दल मला नीट सांगता येत नाही. ऊन आठवतं. सरहद्दीवरच्या वाळवंटात तंबू होते, पाण्याच्या टँकरपुढे माणसांची झुंबड होती. नवरा रांगेत उभा राही, मी माझ्या साडीची सावली वेल्डरच्या तोंडावर धरून बसे. त्याला वेदना कळत नव्हत्या, पण त्या डागाची आता जखम झाली होती, तिचा वास येत होता आणि तो वास त्यालाही येत होता. तो मान फिरवून घ्यायचा. "वयनी, तुमी वायच लांब बसा," म्हणायचा. मी तिथेच बसून राहायची. दुसरं काय करणार?

अम्मानच्या विमानतळावर दोन कर्मचारी आले आणि काहीही न विचारता त्याला उचलून विमानात घेऊन गेले. पुढच्या खुर्च्यांच्या पाठी त्यांनी दुमडल्या, त्यावर स्ट्रेचर बसवलं. तिकीट कुणी मागितलं नाही. ज्या ओळीसाठी आम्ही वर्षभर धडपडत होतो ती आम्हाला फुकट मिळाली होती. नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी खिडकीतून बाहेर.

मुंबईत त्याला इस्पितळात ठेवलं, मग भाऊ येऊन गावी घेऊन गेला. डिसेंबरात मी सांगलीहून त्याला बघायला गेले. पडवीत खाट टाकली होती. त्याची बायको लहानखुरी, तोंडावर पदर धरून बोलणारी. तिला मी कुशीवर वळवायला शिकवलं, पाय हलवायला शिकवलं. ती झटकन शिकली.

"ह्या केला की बरे होतले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "जखम भरायला मदत होईल."

तिनं जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींना कळलं. खाटेवरून त्यानं विचारलं, "डॉक्टरांचो काय निरोप?" निरोप काही नव्हता. कुवेतचा फोन लागतच नव्हता. "बरे आहेत," मी म्हटलं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. आम्ही सांगलीत टीव्हीसमोर बसून असायचो. कुठे बॉम्ब पडले ते सांगायचे, पण आम्हाला हवी ती गल्ली कुणी दाखवत नव्हतं. ते युद्ध चालू असतानाच वेल्डरच्या भावाचा फोन आला. जखमेतून विष अंगात पसरलं होतं. तालुक्याच्या इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं. भाऊ म्हणाला, "तुमका कळवक होया म्हणान फोन केलंय."

डॉक्टर उन्हाळ्यात पुण्याला आले. मी भेटायला गेले तर ओळखूच आले नाहीत, एवढे वाळले होते. पेटलेल्या तेलविहिरींचा धूर छातीत बसला होता, बोलता बोलता खोकायचे. त्यांच्या बायकोनं पोहे आणले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपला वेल्डर बसायला लागला का?"

मला वाटलं होतं, कुणीतरी त्यांना सांगितलं असेल. कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत राहिले.

मग मी म्हटलं, "एखाद्या वाचनालयात पुस्तकाची दुसरी प्रत मिळेल कदाचित. शोधू या का? छापून पैसे त्याच्या बायकोला देता येतील."

"शोध," ते म्हणाले. पण ते माझं मन राखायला म्हणाले, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. मी दोन-तीन जुन्या वाचनालयांत जाऊन आले. एका ठिकाणचे ग्रंथपाल फार सज्जन होते. त्यांनी कपाटं उघडून दाखवली. वाळवी लागलेले गठ्ठे रद्दीत गेले त्यात असेल, म्हणाले. आणखी कुठे विचारायचं ते मला सुचलं नाही.

वर्ष संपता संपता मालकानं नवऱ्याला परत कुवेतला बोलावलं. यंत्रं सगळी इराक्यांनी उचलून नेलेली, भिंतीही काळ्या. एक जुनं यंत्र कुठूनतरी आणून त्यानं काम सुरू केलं होतं. पहिल्या आठवड्यात काय छापलं ते नवऱ्यानं मला फोनवर सांगितलं. धरून नेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांचे फोटो, भिंतींवर लावायला. त्यांत मालकाचा पोलिसातला भाऊही होता. त्याचा फोटो मालकानं स्वतः यंत्रावर चढवला, म्हणे, आणि शाई जास्त लागली म्हणून पुन्हा पुन्हा थांबवून पुसत राहिला.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? कागद लावत होतो," नवरा म्हणाला.