कपाटामागची नोटीस

आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई बोर्डावर नोटीस चिकटवली की ती मोठ्याने वाचायचा, समोर चिटपाखरू नसलं तरी. "चिकटवली म्हंजे सांगितली असं नाय," म्हणायचा. मला हसू यायचं.

एकदा तो माझ्या दारात आला. "सर, सरपंचांनी हापिसातल्या कपाटामागं नोटीस लावायला लावलीय. मला वाचायची बंदी हाय. तुमी तरी वाचा."

"बघतो," म्हणालो आणि बोईसरला निघून गेलो. मग विसरलो.

ती जनसुनावणीची नोटीस होती. सरपंचाच्या निवडणुकीचा खर्च उचलणाऱ्या कारखान्याला आमच्या खाडीत सांडपाणी सोडायचं होतं. सुनावणीत हरकत घ्यायला गावातलं कोणीच नव्हतं.

आता तो नोटीस चिकटवतो आणि गप्प निघून जातो. मी बोर्डासमोर थांबून प्रत्येक नोटीस शेवटपर्यंत वाचतो. मोठ्याने वाचायला मात्र तोंड उघडत नाही.