कोकिळाबाईंनी बोहनी राखली

बुधवारा गल्लीत कोकिळाबाईंच्या हातच्या मांड्यांना नाव ठेवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता. साधी पुरणपोळी कुणीही लाटतं हो. मांड्याला लाटणं पुरत नाही. पुरण भरलेली पोळी हाताच्या पंजांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवायची, पार कोपरापर्यंत आली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. फाटायला नको, चुरगळायला नको. नुसत्या डोळ्यांनी हे काम होत नाही. पीठ कुठं जाड आहे, कुठं विरळ, ते कातडीलाच कळतं. गल्लीतल्या कितीतरी लेकी कोकिळाबाईंचे मांडे खाऊन सासरी गेल्या. आपल्या लेकीच्या, वंदनाच्या लग्नाचे मांडे आपणच करायचे, त्या दिवशी दुसऱ्या कुणाला खापरापाशी बसू द्यायचं नाही, हे बाईंनी वंदना पाळण्यात होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

वंदनाचं जमलं धूलकोटच्या घरी. मुलगा शाळेत मास्तर, माणसं भली. लग्न जेठ महिन्यात, भर उन्हाळ्यात धरलं. आणि नेमका त्याआधीच्या थंडीत बाईंचा उजवा हात दुखायला लागला.

दुखणं मानेतून निघायचं, खांद्यावरून उतरायचं आणि करंगळीपर्यंत ठणकत जायचं. बाई कण्हणाऱ्यातल्या नव्हेत. पण कणीक तिंबता तिंबता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तेव्हा त्यांचे यजमान लीलाधरभाऊ कापडाचं दुकान बंद करून त्यांना हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं मानेचे फोटो काढले आणि मणक्यात नस दबली आहे म्हणाला. "आधी गोळ्या आणि थेरपी करून पाहू. बऱ्याच जणांना तेवढ्यावर आराम पडतो. पण हात बधिर व्हायला लागला तर वेळ दवडू नका. मग इंदूरला जाऊन ऑपरेशनच."

ऑपरेशन म्हटल्यावर बाई लग्नाचे दिवस मोजायला लागल्या. मानेवर सुरी चालवून घेतली तर जेठात खापरापाशी कोण बसणार?

त्या वर्षांत सरकारनं नवं काढलं होतं. इंग्रजी दवा, आयुर्वेद, सुया, व्यायाम, जे जे म्हणून आहे ते सगळं एका छपराखाली आणायचं, रोग्यानं दहा दारं फिरायला नको. त्या हुकमानं सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली रिकामी झाली आणि त्या खोलीवर निर्मला आली. ही निर्मला म्हणजे गल्लीतल्याच पंडित टेलरची लेक, बाईंच्या ओट्यावर खेळून मोठी झालेली. इंदूरला शिकली, सुया टोचून दुखणं उतरवायचं वेगळं शिक्षण घेतलं, आणि मोठ्या हौसेनं आपल्या गावी परत आली. आता पिकतं तिथं विकतं का? गल्ली म्हणाली, बाप कपड्याला सुया टोचतो, लेक माणसांना टोचते. हसून हसून लोक दमले, पण त्या खोलीत पाय कुणी ठेवीना.

कोकिळाबाईंना ते खपलं नाही. त्या सरळ पंडित टेलरच्या दारात गेल्या आणि पोरीला म्हणाल्या, "मी येते उद्या. माझ्यावर कर तुझी बोहनी."

बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हा शब्द बाई सहज बोलून गेल्या, आणि तोच त्यांना भोवला. दुकानदाराच्या घरात जन्म काढलेली बाई. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तसंच परत गेलं तर दिवस फुकट जातो, हे त्यांच्या रक्तात मुरलेलं. लीलाधरभाऊ पहिल्या गिऱ्हाइकाला तोट्यातही माल देत, पण नाही म्हणत नसत. वैद्याचं तर त्याहून अवघड. वैद्याला हातगुण लागतो. पहिला रोगी उठून चालायला लागला तर त्या हाताला यश. पहिलाच फुकट गेला तर पुढं कितीही शिका. आपल्याकडं असं मानतात, आणि बाई ते अगदी मनापासून मानायच्या.

निर्मलाचं काम मात्र नीटनेटकं होतं. आधी कोमट तिळाच्या तेलानं मान आणि खांदा चोळून घ्यायची. मग मानेत, दंडात, मनगटापाशी केसासारख्या बारीक सुया. सुयांना तारा जोडायच्या, तारा रेडिओएवढ्या एका यंत्राला, आणि यंत्राचं बटण हळूहळू फिरवायचं. शेवटी मानेचे व्यायाम. हाडांच्या डॉक्टरच्या गोळ्या चालूच.

"मावशी, लागलं की सांगा," बटणावर बोट ठेवून ती म्हणाली.

"लागलं म्हणजे, दुखलं?"

"दुखायला नको. आतून मुंग्या चालल्यासारखं, टकटक केल्यासारखं वाटेल. तेवढं वाटलं की मी थांबते. हे बघा मावशी, जोवर लागतंय तोवर आपलं ठीक चाललंय. लागेनासं झालं तर त्याच दिवशी मला सांगायचं. मग माझ्या सुयांचं काम नाही, मग इंदूर."

पहिल्या दिवशी चांगलं लागलं. बोटं आपोआप उडायला लागली तेव्हा बाईंना हसू आवरेना. हळूहळू ठणक उतरली, रात्रीची झोप यायला लागली. मग काय विचारता, बाईंनी साऱ्या बुधवाऱ्यात डांगोरा पिटला. कुणी गुडघे घेऊन आलं, कुणी कंबर घेऊन. खोलीबाहेरच्या बाकावर जागा मिळेना. निर्मलाची आई देवळात भेटली तर बाईंचे हात हातात घेऊन रडलीच. "तुमच्यामुळं माझ्या पोरीचं पाऊल पडलं, वैनी," म्हणाली.

होळी झाली आणि बाईंची करंगळी मुकी झाली. तांदूळ निवडताना बोटाखाली खडा आहे की दाणा, कळेना. मग शेजारचं बोट गेलं, मग तळव्याची कड, मग हळूहळू सगळा पंजा. गंमत अशी की त्याबरोबर उरलीसुरली ठणकही गेली. घरचे खूश. लीलाधरभाऊ म्हणाले, "चला, सुटलो, आराम पडला." दुखत नाही म्हणजे बरंच झालं की, अशी कुणाचीही समजूत होईल. बाईंचीही झाली, थोडे दिवस.

पण खोलीत निर्मला बटण फिरवायला लागली, फिरवत राहिली, आणि बाईंना काहीच कळेना.

"लागलं का, मावशी?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं बसलेली, त्यात बाईंची जाऊ आशाबाईही होती, आणि आशाबाईच्या कानावर पडलेली गोष्ट गावभर व्हायला वेळ लागत नसे. एक 'नाही' म्हटलं की बाक रिकामा. एक 'नाही' म्हटलं की इंदूर, सुरी, आणि लग्न तोंडावर आलेलं. आणि समोर त्या पोरीचं आशेनं बघणारं तोंड.

"लागलं," बाई म्हणाल्या.

निर्मलानं बटण तिथंच थांबवलं. पुढच्या खेपेला बाईंनी आणखी लवकर सांगितलं, त्यापुढच्या खेपेला त्याहून लवकर. निर्मला हरखली. एवढ्याशा करंटवर लागतंय म्हणजे नस सुधारतेय, असंच ती समजणार, दुसरं काय समजेल बिचारी? बोटं पूर्वीसारखी उडत नाहीत हे तिला दिसत होतं, तिनं दोनदा विचारलंही. बाई म्हणाल्या, "आज मी अंग आवळून धरलंय बेटा." मूठ आवळायला सांगितली तर दातओठ खाऊन आवळायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी बाईंनी ती मूठ झाकून ठेवली.

राग येतो या बाईचा, खरंच येतो. लेकराला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी, शेजारणीच्या सुनेला बळंच डॉक्टरकडं नेणारी बाई. तिला एवढं कळू नये? पण कळत होतं, हेच तर दुखणं आहे. घरात कुणी नसलं की बाई डाव्या हातानं उजव्या हाताला चिमटे काढून बघत. आखाजीपर्यंत, अक्षय तृतीयेपर्यंत येईल हातात जीव, पोरीच्या हाताला यश आहे, असं देवाला सांगत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "लागलं" म्हणत.

आखाजी आली. आमरसाबरोबर मांडे व्हायलाच पाहिजेत, आणि लग्नाआधी हात बसायलाही हवा, म्हणून बाई बऱ्याच महिन्यांनी खापरापाशी बसल्या. पुरण आशाबाई भरून देत होती. पहिला मांडा उतरला, दुसराही उतरला, आणि आशाबाई म्हणाली, "हात काही विसरला नाही वं तुझा." हात विसरला नव्हता. पण बाई एकेक बोट डोळ्यांनी बघून हलवत होत्या, हे आशाबाईला काय ठाऊक.

तिसरा खापरावर पडला. एवढ्यात वंदनानं आतून विचारलं, "आई, रसात साखर किती घालू?" बाईंनी मागं वळून सांगितलं, मग वेलदोड्याचं सांगितलं, मग मायलेकी कशावरून तरी हसल्या.

आशाबाईनं नाक वर केलं. "कोकिळा, मांडा करपतोय वं."

बाईंनी खापराकडं पाहिलं. मांडा छान होता, नुकता सोनेरी होत आलेला. करपत होता तो त्यांचा हात. बोलता बोलता टेकायला म्हणून खापराच्या काठावर ठेवला होता, तो तसाच होता.

वंदना धावत जाऊन निर्मलाला घेऊन आली. निर्मलानं हात पाण्याखाली धरला, बराच वेळ धरला. कातडी तळव्यावरून सुटून आली होती आणि बाई शांत बसल्या होत्या. त्या शांतपणानं निर्मला घाबरली. तिनं पिशवीतून एक सुई काढली.

"मावशी, डोळे मिटा. कुठल्या बोटाला टोचतेय ते सांगा."

बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "टोचायला सुरुवात केलीस का?"

निर्मलाचं सगळ्या बोटांना टोचून झालं होतं. तिनं सुई खाली ठेवली. "मग मला रोज लागलं म्हणून का सांगितलंत?"

"तुझी बोहनी होती बेटा," बाई म्हणाल्या. "पहिल्याच गिऱ्हाइकानं नाही कसं म्हणायचं?"

"मावशी, मला दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. यंत्राला कळत नाही, मला कळत नाही. तुम्हाला लागतं की नाही ते एकट्या तुम्हालाच कळतं." एवढं बोलून ती पोर बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. बाई तिला डाव्या हातानं थोपटत राहिल्या.

इंदूरच्या डॉक्टरनं कागद बघितले, हात बघितला, आणि बधिरपणा केव्हापासून म्हणून विचारलं. होळीपासून, असं बाईंनी खरं ते सांगितलं. तो काही रागावला नाही, त्यानं तेवढं कागदावर लिहून घेतलं. ऑपरेशन झालं. मानेतली नस मोकळी झाली, दुखणं पुढं वाढायचं थांबलं. गेलेलं परत येईल का, तर डॉक्टर म्हणाला, आशा धरू नका.

बोहनी राखायला हात दिला, पण बोहनी राहिली का? तीही गेली. सुईवालीनं कोकिळाबाईंचा हात घालवला, हे गल्लीत सगळ्यांच्या तोंडी झालं. बाई घरोघर गेल्या. "पोरीची चूक नाही, मीच खोटं बोलले," म्हणून सांगत फिरल्या. पण सांगताना तो भाजलेला, वाळत चाललेला हात लोकांना दिसायचा, आणि लोक हाताकडंच बघायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खोलीबाहेरचा बाक पुन्हा रिकामा झाला. पुढं निर्मलानं बदली मागून घेतली आणि ती खंडव्याकडं गेली.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. मांडे आशाबाईनं केले. जरा जाड झाले, एक-दोन फाटले, पण लोक जेवले. बाई मानेला पट्टा बांधून पंगतीत फिरत होत्या, डाव्या हातानं तूप वाढत होत्या. कुणी म्हणालं, यंदा मांडे तुमच्या हातचे नाहीत वाटतं. बाई म्हणाल्या, "माझ्या जावेचे आहेत. घ्या अजून एक."

उन्हं कलली तशी बिदाईची, लेकीच्या पाठवणीची घाई झाली. दारात गाडी उभी, बायकांची रेटारेटी, रडारड. बाई ओट्याखाली गर्दीत उभ्या होत्या. पट्ट्यामुळं मान वळत नव्हती, समोर दिसेल तेवढंच दिसत होतं. गाडीपाशी जावई दिसला, व्याही दिसले, वंदना दिसेना. न भेटताच गाडीत बसवली की काय पोरीला?

"वंदना कुठाय हो?" त्यांनी लीलाधरभाऊंना हाक मारली. "तिला म्हणावं, मला भेटून जा."

"आई, मी इथंच आहे."

आवाज अगदी उजव्या कानाशी आला. बाई सगळ्या अंगानं वळल्या. वंदना त्यांना चिकटून उभी होती. डोळे रडून सुजलेले, आणि आईचा उजवा हात तिनं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवलेला.

"कधीची उभी आहेस अशी?" बाईंनी विचारलं.

"ओट्यावरून उतरले तेव्हापासून," वंदना म्हणाली.