दोन्ही देशांत एकच उत्तर

माझी मुलगी कायद्याने दुसऱ्याची आहे. मी हे तक्रार म्हणूनच लिहितो आहे. एवढी वर्षं झाली तरी ती तक्रार मी मागे घेतलेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात दुबईतल्या देरामध्ये माझं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. आलो होतो दुसऱ्याच्या दुकानात सेल्समन म्हणून, एका खोलीत आठ जणांत झोपायचो. पुढे एका अरबाला भागीदार घेऊन स्वतःचं लायसन्स काढलं. जे मिळवलं ते बोलून मिळवलं. माझा आवाज चढतो हे सगळ्या मार्केटला माहीत होतं, आणि चढल्यावर सौदा माझ्या बाजूने पडतो हेही.

मुलीची आई शेजारच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होती. माझा माल बंदरातून सोडवायचं काम तिच्याकडे असे. मूळची नाशिकची, लग्न झालेली. नवरा खोर फक्कानच्या बंदरावर कामाला, तिथल्याच कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचा. जमलं तर शुक्रवारी शारजाला यायचा, पण जमायचं क्वचित. ती शारजातच, अल मजाजमध्ये एका मल्याळी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होती. नवरा-बायकोचं बोलणं जवळजवळ बंद होतं, पण घटस्फोटाची गोष्ट कोणी काढत नव्हतं. आमचं कसं जुळलं ते लिहिण्यात अर्थ नाही. दोन वर्षं चाललं आणि तिला दिवस गेले.

तिथे लग्नाबाहेरचं मूल म्हणजे आधी पोलीस, मग तुरुंग, मग परतीचं विमान. हॉस्पिटल सगळ्यात आधी मॅरेज सर्टिफिकेट मागायचं. तिच्याकडे ते होतं, पण त्यावर नाव नवऱ्याचं. मी म्हटलं, "तू माहेरी जा. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, कोणाला संशय येणार नाही. तिकडे घटस्फोटाचा अर्ज टाकू आणि मुलाला माझं नाव लावू."

मला ही युक्ती बिनतोड वाटली होती. माहेरच्या माणसांचा हिशेब मी त्यात धरला नव्हता. मुलगी झाल्यावर तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे पहिला फोन जावयाला केला. तो रजा काढून नाशिकला हजर झाला. बारशाला त्याची बहीण रत्नागिरीहून आली आणि आत्या म्हणून तिनेच बाळाच्या कानात नाव सांगितलं. आजोबांनी म्युनिसिपालिटीत जन्म नोंदवला, वडील म्हणून जावयाचं नाव घातलं. भरल्या घरात बाळंतिणीने उठून काय सांगायचं होतं? त्या दिवशी मी देरात एका गिऱ्हाइकाशी गिअरबॉक्सच्या भावावरून भांडत होतो.

ती परतली तेव्हा मुलगी नवऱ्याच्या व्हिसावर होती. आता तो दर शुक्रवारी यायला लागला.

मी मुंबईला जाऊन वकील गाठला.

"लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो," तो म्हणाला.

"पण ते एकत्र राहतच नव्हते."

"एकमेकांना भेटूच शकत नव्हते, असं सिद्ध करावं लागेल. खोर फक्कान ते शारजा किती लांब?"

"दोन तास. मधे डोंगर आहेत."

"डोंगर चालणार नाहीत हो. रस्ता आहे ना?"

"रक्ताची तपासणी करा ना!"

"कोर्ट तसं सहजासहजी सांगत नाही. आणि मागणारे तुम्ही कोण?"

मी टेबलावर हात आपटला. त्याने पाण्याचा ग्लास उचलून बाजूला ठेवला.

शारजात एका वकिलाच्या ऑफिसात हैदराबादी क्लार्क होता. त्याने माझं अर्धंच ऐकलं आणि उठून दार लावून घेतलं. "भाई, ये सवाल यहाँ ज़ोर से मत पूछो. पहले औरत अंदर जाएगी, फिर तुम. बच्चा फिर भी शौहर का. खलास."

दोन देश, दोन कायदे, उत्तर एकच. मग राहिला तो माणूस. माणसाशी बोलता येतं, असा माझा अनुभव होता. मुलगी दोन वर्षांची असताना मी खोर फक्कानला गेलो. तो ड्यूटी संपवून समुद्राकाठच्या बाकावर आला, हातात कागदी कपातला चहा.

"कशाला आलात ते माहीत आहे, शेठ. बोला."

"घटस्फोट द्या. मुलगी माझी आहे."

"असेल."

मी वादाच्या तयारीने गेलो होतो.

"असेल म्हणजे?"

"मला महिने मोजता येतात. पण तिला दात येताना ताप आला तेव्हा खांद्यावर घेऊन मी फिरत होतो. तुम्ही कुठे होतात?"

"मला येऊ कोण देत होतं!"

शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"हळू, शेठ. ओरडून आपण तिघंही आत जाऊ." त्याने चहा संपवला. "शुक्रवारी जेवायला येत जा. तुम्हाला काका म्हणेल. मी घरात असेन, पण काही बोलणार नाही. नाव मात्र माझंच राहील."

देरात पहिला भाव कोणी घेत नाही. उठायचं, चालायला लागायचं. फूटपाथ संपायच्या आत मागून हाक येते, "हबीबी, इकडे या." मी उठलो. "काका बनायला आलो नाही मी," असं म्हटलं आणि गाडीकडे सावकाश चाललो. किल्ली सावकाश काढली. दार उघडून तसाच उभा राहिलो. त्याने कप डब्यात टाकला आणि क्वार्टर्सच्या रस्त्याला लागला.

आजही मला वाटतं, त्याने एकदा हाक मारायला हवी होती. तेवढी रीत असते.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तिचा फोन आला.

"ते म्हणतात विषय संपला. जेवायचंही राहू दे."

"त्यांना सांग, मी परत येतो. अजून बोलता येईल."

"कशाबद्दल?"

"मुलीबद्दल. दुसरं काय?"

"आणि माझ्याबद्दल काय बोललास तिथे?"

मी आठवून पाहिलं. "तुझा विषय निघालाच नाही."

मागे मुलगी काहीतरी बडबडत होती.

"बाबांना दे हा फोन," ती तिला म्हणाली.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"शेठ," तो म्हणाला, "आम्ही जेवायला बसतोय. ठेवतो."