नेसवणारीचं गृहकर्ज

मी साड्या नेसवते. हे सांगितलं की लोक "अरे वा" म्हणतात आणि लगेच विचारतात, "आणि काम काय करता?" काम हेच. पहाटे लग्नाच्या हॉलवर पोचायचं, नवरीला नऊवारी, करवल्यांना नऊवारी, आत्याला "जरा सैल", मावशीला "जरा चापून", आणि मुहूर्ताच्या आत सगळ्यांचे काष्टे जागेवर. परळ, दादर, शीव इथले बहुतेक हॉल मला मागच्या दारानं माहीत आहेत. पाडव्याला गिरगावात शोभायात्रेसाठी बायका रांग लावतात. त्यातल्या बऱ्याच जणी नऊवारीत मोटरसायकल चालवणार असतात, त्यामुळे तिथे गाठ ढिली राहून चालत नाही.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुढे बाबाही गेले, आणि बऱ्याच वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत वारस म्हणून आईचं नाव लागलं. घर काळाचौकीतच, आमच्या चाळीपासून चालत जाता येईल एवढ्यावर. बाजारभावाच्या मानानं किंमत किरकोळ होती. आमच्या मानानं नव्हती. मुदतीत पैसे भरले नाहीत तर घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं. आणि आम्ही राहत होतो ती खोली मामाची. मामाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, खोली त्याला लागणार होती. मामा तोंडानं काही बोलला नाही, पण आला की भिंतींना कुठला रंग शोभेल ते बघायला लागला. म्हणजे कर्ज मिळालं तर काळाचौकी, नाहीतर बदलापूरच्याही पलीकडे भाड्याची जागा. पहाटे चारला दादरच्या हॉलवर तिथून कोण पोचणार? घरापाठोपाठ धंदाही गेला असता.

आईचं वय झालेलं, कमावणारी मी. तेव्हा कर्ज माझ्या कमाईवरच मिळायला हवं होतं. आधी माझं खातं आहे त्या बँकेत गेले. साहेबांनी सॅलरी स्लिप मागितली. मी म्हटलं, मला पगार देणारं कुणी नाही. मग तीन वर्षांचे रिटर्न मागितले. दोन वर्षांचे होते, आणि त्यातही उत्पन्न बेताचं, कारण रिटर्न भरून देणारा म्हणाला होता, "कशाला जास्त दाखवता? टॅक्स वाचतोय ना?" टॅक्स वाचला होता खरा.

"क्रेडिट कार्ड? आधीचं काही लोन? फ्रीज, मोबाइल हप्त्यावर?"

"काहीच नाही," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "आमच्याकडे उधारी चालत नाही. सगळं रोख."

त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "तुमचा स्कोअर मायनस वन दाखवतोय. म्हणजे हिस्ट्रीच नाही."

"म्हणजे कुणाचे बुडवले असते तर बरं झालं असतं?"

"बुडवून नाही, मॅडम. घेऊन फेडले असते तर."

माणूस खरं बोलत होता, म्हणून जास्त राग आला. जन्मभर कुणाचं चार आण्यांचं देणं ठेवलं नाही आणि परीक्षेला न बसलेल्यांत माझी गणना.

मग पतपेढी झाली. त्यांना दोन पगारदार जामीनदार हवे होते. नातेवाइकांत पगारदार खूप. मी विचारल्यावर कळलं की प्रत्येकाच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे आणि प्रत्येकाच्या बायकोचा जामीन राहण्याला विरोध आहे.

शेवटी हिंदमाताला एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर घरकर्ज देणाऱ्या एका छोट्या कंपनीचं ऑफिस सापडलं. टॅक्सीवाले, भाजीवाले, हातावर पोट असणारी माणसं हेच त्यांचं गिऱ्हाईक. व्याज बँकेपेक्षा जास्त, पण कागदापेक्षा काम बघणारे. टेबलापलीकडची मुलगी माझ्यापेक्षा लहान, पण समजून घेणारी होती. तिनं माझ्या फोनमधले बुकिंगचे मेसेज बघितले, खात्यात आलेले पैसे बघितले.

"जुलै ते ऑक्टोबर पैसे का दिसत नाहीत?"

"चातुर्मास. लग्नं नसतात. श्रावणात मंगळागौरीपुरती थोडी धुगधुगी."

"आणि बाकीचे दिवस काय करता?"

"कार्तिकाची वाट बघते."

ती हसली. म्हणाली, सहा-आठ महिने आधी आला असतात तर सांगितलं असतं, मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घ्या, दर महिन्याला वापरा, वेळेवर भरा, स्कोअर तयार होतो. आता तेवढा वेळ नव्हता. मग तिनं असं बसवलं: घर आईच्या नावावर म्हणून आई सहअर्जदार, आणि माझं उत्पन्न रिटर्नवरून न धरता प्रत्यक्ष चौकशीवरून धरायचं. "आमचा माणूस घरी येईल, शेजाऱ्यांना विचारेल," ती म्हणाली. मी निर्धास्त झाले. शेजाऱ्यांची मला कसली भीती?

आम्ही दोघी घरी नसताना तो माणूस येऊन गेला आणि आठवड्याभरात तिचा फोन आला. फाइल नामंजूर. मी धावत हिंदमाताला गेले. तिनं चौकशीचा रिपोर्ट वाचून दाखवला. अर्जदार घरीच असते. व्यवसाय नाही. साड्या हौस म्हणून नेसवते, मोबदला घेत नाही. लग्न लवकरच अपेक्षित, त्यानंतर हेही बंद करणार.

माझं लग्न कुणी ठरवलं, हा प्रश्न मला पायऱ्या उतरताना पडला. आणि लगेच उत्तरही सुचलं.

शेजारच्या काकी गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून गोड हसल्या. "माका म्हायत होतां तू इचारतलंस. झील बरो आसा. चपला भायर काडून इलो."

"काय विचारलं त्या मुलानं?"

"घराक कोण कोण आसत, किती वर्षां ऱ्हवतत, चेडू काय करता, कोणाचां देणां आसा काय. ह्यां लग्नाचांच इचारतत मगे!"

काकींची चूक तरी कशी म्हणू? मी चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची. स्थळाची चौकशी आली की आमची अख्खी चाळ एक होते. मुलीचे गुण वाढवायचे, बाकीचं झाकायचं, हा अलिखित नियम. पोरगी पहाटे अंधारात एकटी कामाला जाते, पैशासाठी घासाघीस करते, हे कोण सांगेल? काकींनी मनापासून सांगितलं होतं: चेडू सोन्यासारखं, बाहेर कामाला जात नाही, साड्या नेसवते ती हौसेनं, लग्न झाल्यावर तेही सोडेल.

"काकी, तो कर्जाची चौकशी करायला आला होता."

त्यांचा हात तांदळातच थांबला. "म्हणजे स्थळ नाय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घर माझं चाललं होतं आणि समजूत मी काकींची काढत होते.

कंपनीतल्या मुलीच्या मी हातापाया पडले नाही, पण पडायचीच बाकी होते. ती म्हणाली, चौकशी पुन्हा करता येईल, पण त्याच शेजाऱ्यांना विचारावं लागेल, नाहीतर फाइलमध्ये तफावत राहील. मुदत संपत आली होती. तोच माणूस पुन्हा आला. मी आत थांबायचं, असं ठरलं होतं. दार लोटलेलं, ऐकू सगळं येत होतं. काकींच्या आजूबाजूला आणखी दोघी-तिघी जमल्या.

"साडी नेसवायचे पैसे घेतात त्या?"

"घेते ना. हॉलवर जाते त्यांच्याकडून घेते, दुकानवाल्यांकडून घेते. चांगले घेते." काकी साहेबांसाठी शुद्ध बोलत होत्या.

"तुमच्याकडून किती घेतले?"

मी आतून मनातल्या मनात म्हणत होते, सांगा एखादा आकडा, काकी. कुठलाही सांगा.

"आमच्याकडून नाही घेतले," काकी म्हणाल्या. "माझ्या दोन्ही मुलींना लग्नात हिनंच नेसवली. ह्या बसल्यायत त्यांच्या मुलींना पण. आम्ही दिलेच नाहीत. एकटं माणूस, हिला कशाला लागतायत पैसे, असं वाटायचं आम्हाला."

मी पलंगाच्या कडेवर बसले. मायनस वन ऐकून मला नुसता राग आला होता. हे ऐकून रडू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी प्रेमापोटी घेत नाही. आणि समोरच्यांना वाटत होतं, हिला गरजच काय.

बाहेर तो माणूस विचारत होता, पैसे दिलेत असं कुणी सांगता येईल का. काकी एकदम सावरल्या. "आमच्या धाकटीच्या सासूला फोन लावा. नवऱ्याकडच्या बायकांना हिनंच नेसवली. विहीणबाईंनी भाव पाडायला बघितला, हिनं एक रुपया सोडला नाही. त्या अजून कुरकुरतात." फोन लागला. विहीणबाईंनी खरोखरच कुरकुर केली, रकमेसकट. माझ्या उत्पन्नाचा तेवढा भक्कम पुरावा दुसरा नव्हता.

कर्ज मंजूर झालं. व्याज जास्तच आहे, मुदत लांबलचक आहे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो. पण पैसे वेळेत भरले गेले आणि घर आमचं झालं.

सामान बांधत होतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. मुलीचं लग्न ठरलंय, नवरी आणि पाच जणींना नेसवायचंय, तू येशीलच ना, म्हणाल्या. मी येईन म्हटलं, आणि भाव सांगितला. सहाही जणींचा, पूर्ण.