मंगळाला एक शीट

“सात महिने गाडी कुठंच थांबणार न्हाय म्हणं. मग लघवीचं काय?”

मांडवाच्या कापडापलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी अलीकडे बसून चंदेरी कागद कापत होते. विचारणारा माझ्या काकांच्या लायनीतला एक जीपवाला होता, आणि उत्तर देणाराही जीपवालाच.

“पिशवी देत्यात की. तुला त्यात बी नेम धरता यायचा न्हाय.”

दोघं इतके हसले की मांडवाचा बांबू हलला. मला त्यांना सांगायचं होतं की तीच लघवी शुद्ध करून परत प्यावी लागेल, इतक्या लांब पाण्याची टाकी कोण नेणार? पण मी कागद कापत राहिले आणि एकटीच हसले.

त्या पावसाळ्यात मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता. वर्तमानपत्रांत रोज त्याच्याविषयी काहीतरी यायचं. लोक गच्चीवर जाऊन तो लाल ठिपका शोधायचे आणि ढग दिसले की खाली यायचे. आमच्या गल्लीतल्या तालमीचं मंडळ दर गणपतीला सजीव देखावा करायचं, म्हणजे मांडवात खरी माणसं उभी राहून छोटं नाटकच करायची. त्या वर्षी देखाव्याची जबाबदारी काकांकडे होती. काका कोल्हापूर ते इचलकरंजी वडाप चालवायचे. वडापच्या खाजगी जीपला वेळापत्रक नसतं. शिटा भरल्या की ती सुटते. इचलकरंजीत यंत्रमागांची पाळी सुटली की नऊ जणांच्या जागेत पंधरा माणसं बसवण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

“दोन वर्सामागं एक श्रीमंत माणूस पैसं भरून वर जाऊन आला,” काका मंडळाच्या बैठकीत म्हणाले. “सरकारी माणूस नव्हं, साधं पाशिंजर. म्हंजे लाईन चालू झाली. आता मंगळाला पयली वडाप आपली.”

ठरलं. काकांच्या जीपलाच प्लायवूडचं यान चढवायचं. मंगळाची जमीन फुकटात मिळाली. कुस्तीच्या हौद्यातली जुनी तांबडी माती काढून मांडवात पसरली. तेल, ताक, लिंबू आणि हळद मुरलेली माती ती. आमच्या मंगळाला पहिलवानाच्या अंगाचा वास यायचा.

मग काका घरी आले आणि मला म्हणाले, “तू इंग्रजी शाळंची. कॉलेजात बी सायन्स शिकालीस. सगळं वाचून काढ आणि आम्हास्नी सांग. खरं काय ते.”

मी मान हलवली. बाहेर मी तेवढंच करायचे. शाळेत बाईंनी इंग्रजीत विचारलं की उत्तर यायचं, पण गल्लीत कुणी हाक मारली की मराठी तोंडातच राहायचं. माझं मराठी पुस्तकातलं होतं, ते ऐकून गल्लीतली पोरं एकमेकांकडे बघायची. म्हणून मी बघण्याचं काम घेतलं होतं, बोलण्याचं इतरांना सोडलं होतं. त्या यानात मागच्या बाकावर खिडकीशी एक जागा होती. मला तिथं बसायचं होतं. भौतिकशास्त्र घेतलं त्याच्याही आधीपासून बसायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. पण देखाव्यातलं बाईचं काम मंडळात एकच जण करायचा, लेथवर कामाला असलेला एक सडपातळ, गोरा माणूस. त्याला नऊवारी इतकी छान बसायची की आमच्या गल्लीतल्या बायका त्याच्याकडून निऱ्या शिकल्या होत्या.

संध्याकाळी हौद्याच्या कट्ट्यावर जीपवाले ओळीनं बसायचे आणि मी कागद बघून हळू आवाजात सांगायचे. काका माझं वाक्य मोठ्यानं परत म्हणायचे, म्हणजे मागपर्यंत पोचायचं.

“रॉकेट केव्हाही सोडता येत नाही,” मी सांगितलं. “पृथ्वी आणि मंगळ ठराविक जागी आले की थोडे दिवस वाट खुली होते. ती चुकली तर पुन्हा दोन वर्षं थांबायचं.”

“म्हंजे मुहूर्त.”

“हो. तसंच.”

“आणि शिटा भरल्या न्हाईत तर?”

“तरी निघावं लागेल.”

मग एक जण म्हणाला, “मग ही यष्टी झाली. वडाप कसली?”

त्यावर अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. रिकाम्या शिटा घेऊन निघालं तर मालक बुडणार. भरायची वाट बघितली तर मंगळ निघून जाणार. काका डोकं धरून बसले. मी कागद खाली ठेवला. चार दिवस इंग्रजी लेख वाचून मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते त्या भांडणात होतं. आकाश चालतं यष्टीसारखं, आणि खाजगी गाडीला भाडं पाहिजे.

पुढचे धोके ऐकताना ते जास्तच खूश होत गेले. वजन नसल्यामुळे हाडं ठिसूळ होतात म्हटल्यावर सगळे तालमीतल्या पहिलवानाकडे बघायला लागले. तो देखाव्यात प्रवासी होता.

“मी थितं बी जोर मारीन.”

“वजनच न्हाय तर जोर कशावर मारशील?”

सूर्याच्या वादळातून येणारे किरण, सात महिने तीच ती चार तोंडं, उतरताना हवा इतकी विरळ की पॅराशूट पुरत नाही, हे सगळं मी सांगितलं. तोंडांचा मुद्दा त्यांना सगळ्यात भयंकर वाटला. शेवटी काकांनी विचारलं, “परत यायचं कसं?”

“ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. परतीचं इंधन तिकडेच बनवावं लागेल, असं म्हणतात.”

काकांनी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी यानाच्या दारावर रंगाऱ्याकडून पाटी आली: परतीची जबाबदारी मालकावर नाही.

देखावा लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. तो साधा होता. मुहूर्त संपत आलाय, मोठं घड्याळ टिकटिकतंय, एक शीट रिकामी आहे आणि काका हलायला तयार नाहीत. अगदी शेवटच्या क्षणी गाठोडं घेतलेली बाई धावत येते, बसते, आणि यान सुटतं. बाईचं वाक्य मी पाच वेळा बदललं होतं. “अज्ञाताच्या ओढीने मी निघाले आहे,” असं काहीतरी होतं ते.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते त्या दिवशी दिवेलागणीपासूनच गल्ली भरली. खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. मी यानाच्या मागे पडद्याशी उभी होते. काका स्टिअरिंगवर, पुढे माईक. मागच्या बाकावर पहिलवान आणि दोन जीपवाले, अंगावर चंदेरी कागद. घड्याळ सुरू झालं. तेवढ्यात लेथवाला माझ्याजवळ आला. चेहऱ्याला पावडर, अंगात अजून शर्ट-पँट, हातात गाठोडं.

“ताई, जमायचं न्हाय. फुडं सासरा बसलाय.”

“तुमचं लग्न कुठं झालंय?”

“तेच की. अजून व्हायचंय. नेसरी गावासनं आल्यात सगळी. पोरगी बी हाय. आज मला लुगड्यात बघितलं तर व्हायचंच न्हाय.” त्यानं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि गर्दीत विरघळला.

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, वाट पाहिली, पुन्हा म्हटलं. कुणी धावत आलं नाही. पुढच्या खुर्च्यांवरच्या परीक्षकांपैकी एकानं पेन खाली ठेवलं. घड्याळाचा काटा सरकत होता. तो फिरवणारा मागे बसला होता, त्यालाही थांबावं की नाही कळेना.

मग काकांच्या हातानं स्वतःच काम सुरू केलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, दारावर थाप मारली आणि रोज स्टँडवर ओरडत तसे ओरडले, “ए मंगळ, मंगळ, मंगळ… चला एक शीट, एक शीट… बसा की लवकर, मुहूर्त चालला…”

गल्ली खदखदून हसली. कुणीतरी मागून विचारलं, “मामा, परतीचं भाडं आत्ताच घेणार काय?”

“पाटी वाच की बाबा. चला मंगळ, एक शीट…”

गर्दीत वडील दिसले. त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं बघितलं आणि मान अगदी थोडी आडवी हलवली. मला ठिसूळ हाडं आठवली, किरण आठवले, परत येण्याचं अजून कुणाला माहीत नाही हेही आठवलं. ते सगळं मीच सांगितलं होतं. एवढं माहीत असलेला दुसरा प्रवासी त्या गल्लीत नव्हता.

हे मनात चालू असतानाच माझे पाय तांबड्या मातीतून निघाले होते. कॉलेजचा पंजाबी ड्रेस, हातात लुगड्याचं गाठोडं, चपला मातीत रुतत होत्या. काकांनी आरशात मला बघितलं. त्यांचा हात दारावरच राहिला. गल्लीचं हसणं हळूहळू थांबलं, म्हणजे आता जे काही बोलेन ते शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत ऐकू जाणार होतं. काकांनी माईक खिडकीतून मागे धरला.

मी पायरीवर चढले. खिडकीशी माझ्या जागेवर पहिलवान दोन्ही मांड्या पसरून बसला होता. अज्ञाताच्या ओढीचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “ओ पावणं, जरा सरका की.”