विसूच्या दातावरचा जोड

दुपारचं जेवण उरकून मी माझ्या दातांच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या खुर्चीवरच आडवी होते. पंख्याचा आवाज लांब लांब जातो. डोळे मिटतात न मिटतात, तोच विसू शेजारच्या स्टुलावर बसलेला दिसतो. माझा धाकटा भाऊ. आषाढात धरणाच्या पाण्यात होडी उलटली, त्यात तो गेला.

त्याचे केस ओले आहेत. मी टॉवेल शोधायला उठते, तर खाली फरशी नाही, पाणी आहे. खुर्ची डुलते आहे आणि विसू वल्हं मारतो आहे.

"अक्का, मला ओळखलंस कशावरून?"

मला सांगायचं नाही. पण तो वल्हं थांबवून वाट बघतो. मग मी सांगते, की तू फार उशिरा सापडलास, चेहरा राहिला नव्हता. पोलिसांनी मला आत नेलं. मी फक्त तोंड उघडून पाहिलं. पुढच्या दाताचा कोपरा, कबड्डीत तुटलेला, मीच बांधून दिलेला. तो तसाच होता.

पाणी नाही आता. आम्ही शवागारात आहोत. विसू टेबलावर बसून पाय हलवतो आहे.

"सगळं गेलं, मग तोच कसा राहिला?"

याचं उत्तर मला येतं, म्हणून मी बोलतच सुटते. दात म्हणजे खनिज, त्यात कॅल्शियम असतं. जोड बसवताना आम्ही आधी दातावर लावतो त्या द्रवाच्या रेणूचं एक टोक त्या कॅल्शियमला धरतं, दुसरं वरच्या भरणाला. ते नुसतं खाचांत अडकून बसणं नसतं, दाताशी रासायनिक बंध होतो. त्यातून जो क्षार तयार होतो, तो पाण्यात सहजी विरघळत नाही.

विसू सगळं नीट ऐकून घेतो.

"मी पण धरलं होतं, अक्का. होडीची कड. लई वेळ."

किती वेळ, मी विचारते. तो तोंड उघडतो. मी दातावरून बोट फिरवते. गार लागतं. जोड कुठे आहे ते हाताला कळत नाही. तो हळूच तोंड मिटतो आणि बोट सोडत नाही. मीही ओढून घेत नाही.

दारावर टकटक होते. पेशंट आल्याचं माझी मदतनीस शकुंतला बाहेरून सांगते. मी उठून बसते. उजव्या तर्जनीवर दातांचे ठसे आहेत, खोल, पांढरे पडलेले. माझ्याच दातांचे असतील.

पेशंटला थोडं थांबायला सांग, मी म्हणते. ठसे कडेनं भरून यायला लागलेत. पुढच्या दाताचा ठसा पाहायला मी दिवा जवळ ओढते.